लागोपाठच्या दोन ओळी, दोन उत्तरं

आमच्या फर्मवेअरची, म्हणजे बोर्डावर चालणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमची, मेकफाइल बरीच जुनी आहे. काय कशापासून आणि कसं बनतं हे मेकफाइलीत लिहिलेलं असतं, आणि ‘मेक’ हे साधन ती वाचून जे जुनं झालंय तेवढंच पुन्हा बनवतं. ती लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले. नंतर आलेल्या प्रत्येकाने तिच्यात आपापल्या गरजेपुरती भर घातली, आणि काढून मात्र कुणी काही टाकलं नाही. एकाच कोडमधून दोन बोर्डांसाठी बायनरी, म्हणजे बोर्डावर चढवायची तयार फाइल, बनते, एक कमी मेमरीचं बोर्ड आणि एक जास्त मेमरीचं. कोडचे सुटे तुकडे जोडून (लिंक करून) बायनरी बनवतो तो लिंकर, आणि मेमरीत काय कुठे बसवायचं हे त्याला लिंकर स्क्रिप्ट सांगते. कुठल्या बोर्डाला कुठली स्क्रिप्ट, हे त्या त्या बोर्डाच्या छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं आणि ती फाइल मुख्य मेकफाइलीत इन्क्लूड होते.

तक्रार अशी होती की लिंकर स्क्रिप्ट बदलली तरी मेक पुन्हा लिंक करत नाही. ‘सगळं अद्ययावत आहे’ म्हणून गप्प बसतं. ऑफिसात यावर एक ठरलेलं उत्तर होतं, ‘क्लीन करून बघ.’ क्लीन केल्यावर सगळं पहिल्यापासून बनतं, त्यामुळे ते उत्तर नेहमीच लागू पडायचं, आणि म्हणूनच खरं कारण शोधायची वेळ कुणावर येत नव्हती. बिल्ड सर्व्हर तर दर वेळी कोऱ्या फोल्डरातच बिल्ड करतो, त्याला हा दोष कधी दिसणारच नव्हता. शेवटी एकाने स्क्रिप्टमध्ये स्टॅकचा आकार वाढवला, बायनरी बोर्डावर चढवली आणि बराच वेळ जुन्याच आकाराशी झुंजत बसला. तेव्हा मी ठरवलं की याचा एकदा नीट छडा लावायचा.

वादाची ओळ ही होती. खऱ्या फाइलीत नावं इंग्रजी आहेत, इथे मराठी करून देतो.

```
बायनरी: $(ऑब्जेक्ट) $(स्क्रिप्ट)
```

कोलनच्या डावीकडे बनवायची गोष्ट, म्हणजे टार्गेट. उजवीकडे ती ज्यांवर अवलंबून आहे त्या गोष्टी, म्हणजे तिची डिपेन्डन्सी किंवा प्रीरिक्विझिट्स. डॉलर आणि कंस म्हणजे आतल्या व्हेरिएबलची किंमत इथे घाल, यालाच उलगडणं म्हणतात. आणि ओळीखाली लिहिलेल्या कमांड म्हणजे रेसिपी. ओळीत दोष दिसत नाही. बायनरी ऑब्जेक्ट फाइलींवर (कोडच्या त्या सुट्या तुकड्यांवर) अवलंबून आहे, स्क्रिप्टवरही आहे. खालच्या लिंकरच्या कमांडमध्येही हेच $(स्क्रिप्ट) वापरलंय, आणि कमांड छापून बघितली तर तिच्यात नाव अगदी बरोबर येत होतं. म्हणजे व्हेरिएबलला किंमत आहे. मग डिपेन्डन्सी का लागत नाही?

टीममध्ये यावर दोन मतं पडली. एक जण म्हणाला, “अरे, स्क्रिप्ट नुसत्या बरोबरच्या चिन्हाने दिलीय ना? मग ती आळशी. वापरायची वेळ आली की उलगडते, फाइलीत कुठेही लिहिलेली चालते.” दुसऱ्याचं म्हणणं, कोलन-बरोबर (:=) करून टाक, सुटेल. दोघंही ठामपणे बोलत होते आणि दोघांनीही प्रत्यक्ष तपासलेलं काही नव्हतं. मेकच्या बाबतीत हे नेहमी होतं. प्रत्येकाकडे अर्धा नियम असतो, आणि तो त्याच्या मागच्या प्रोजेक्टात चालून गेलेला असतो.

मी खऱ्या मेकफाइलीला हात लावला नाही. रिकाम्या फोल्डरात पाच ओळींची फाइल बनवली. इतक्या लहान फाइलीत उत्तर लपायला जागाच नसते.

```
पेय = चहा
सगळे: $(पेय)
	: $^ / $(पेय)
पेय = कॉफी
चहा कॉफी दूध: ;
```

यातल्या तिसऱ्या ओळीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावरच चालली. रेसिपीतली कमांड चालवण्याआधी मेक ती छापतं. आणि शेलमध्ये, म्हणजे त्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नुसता कोलन ही काहीच न करणारी कमांड आहे, तिच्यापुढे काहीही लिहा, ती निमूटपणे यशस्वी होते. त्यामुळे कोलन लिहून पुढे हवं ते व्हेरिएबल ठेवलं की मेक त्याची उलगडलेली किंमत छापतं, आणि त्यापलीकडे काही घडत नाही. डॉलर आणि टोपीचं चिन्ह म्हणजे या टार्गेटची सगळी प्रीरिक्विझिट्स. तेव्हा तिरक्या रेघेच्या डावीकडे डिपेन्डन्सीच्या ओळीला काय दिसलं ते येतं, आणि उजवीकडे रेसिपीला काय दिसलं ते. शेवटच्या ओळीने चहा, कॉफी आणि दूध यांना रिकामी रेसिपी दिलीय, म्हणजे त्या नावाच्या फाइली नसल्या तरी मेक अडत नाही.

नावं देवनागरीत का, तर चालतात म्हणून. ग्नू मेकला (मेकचा आम्ही वापरतो तो प्रकार) व्हेरिएबलच्या नावात कोलन, हॅश, बरोबरचं चिन्ह आणि मोकळी जागा एवढंच चालत नाही. रोजच्या कामात मी अशी नावं देणार नाही, पण तपासणीत एक फायदा झाला. मेकचे स्वतःचे संदेश इंग्रजी आणि माझी नावं मराठी, त्यामुळे आउटपुटमध्ये माझं काय ते एका नजरेत वेगळं पडत होतं.

चालवल्यावर हे आलं:

```
: चहा / कॉफी
```

म्हणजे एकाखाली एक दोन ओळी, दोन्हींत तेच व्हेरिएबल, आणि उत्तरं दोन. डिपेन्डन्सीची ओळ वाचली गेली त्या क्षणी पेय म्हणजे चहा होता, आणि मेकने तो तिथेच पक्का करून टाकला. रेसिपी मात्र तशीच न उलगडता बाजूला ठेवली गेली आणि पूर्ण फाइल वाचून झाल्यावर, चालवायच्या वेळी उलगडली. तोवर पेय कॉफी झालेलं.

बरोबरच्या जागी कोलन-बरोबर करून पाहिलं, उत्तर तेच. ते तसंच यायला हवं होतं. कोलन-बरोबर म्हणजे उजवी बाजू आत्ताच उलगडून ठेव, नुसतं बरोबर म्हणजे वापरताना उलगड. पण डिपेन्डन्सीच्या ओळीत येणं हाच तर वापर. ती ओळ वाचली की आळशी व्हेरिएबललाही तिथल्या तिथे उत्तर द्यावंच लागतं. टीममधला अर्धा नियम इथे अडखळत होता. व्हेरिएबल कसं दिलंय यापेक्षा ते कुठे वापरलंय हे इथे निर्णायक ठरतं.

मेक दोन टप्प्यांत काम करतं. आधी सगळी फाइल वाचून कोण कुणावर अवलंबून आहे याचा पूर्ण आलेख मांडायचा, मग तो आलेख बघून काय जुनं झालंय ते ठरवायचं आणि कमांड चालवायच्या. आलेख मांडायचा तर त्या वेळी खरी नावं हातात हवीत, म्हणून टार्गेट आणि डिपेन्डन्सी दोन्ही वाचतानाच उलगडतात. रेसिपीत टार्गेटचं नाव, बदललेल्या फाइलींची यादी असल्या गोष्टी लागतात, आणि त्या दुसऱ्या टप्प्याशिवाय कळत नाहीत, म्हणून ती थांबते. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकातही हेच लिहिलंय, की टार्गेटच्या ओळीतले मॅक्रो (व्हेरिएबल्सचं तिथलं नाव) ओळ वाचताना आणि कमांडमधले कमांड चालवताना. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. त्यानंतर मेकच्या कितीतरी आवृत्त्या आल्या, पण हा सांगाडा तोच राहिला.

आता आमचा दोष हुबेहूब उभा करायचा होता. आमच्याकडे स्क्रिप्टची किंमत नंतर बदलत नव्हती, ती मुळात नियमाच्या खाली इन्क्लूड झालेल्या फाइलीतूनच यायची. इन्क्लूड म्हणजे ती फाइल त्याच जागी वाचणं, तेव्हा वेगळी फाइल न करता एवढंच लिहिलं:

```
पेय = $(आवड)
सगळे: $(पेय)
	: $^ / $(पेय)
आवड = कॉफी
चहा कॉफी दूध: ;
```

आउटपुट:

```
:  / कॉफी
```

डावी बाजू कोरी. ज्याला अजून किंमतच नाही असं व्हेरिएबल मेक रिकामं धरतं आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. चूक नाही, इशारा नाही. ‘सगळे’ला एकही प्रीरिक्विझिट नाही, आणि कायद्याने ते अगदी वैध आहे. उजवीकडे कॉफी येते, म्हणजे कमांड बरोबर, बिल्ड बरोबर, बायनरी बरोबर. फक्त ‘ही फाइल बदलली तर पुन्हा बनव’ एवढी एक गोष्ट मेकला कुणी सांगितलेलीच नाही. आमची मेकफाइल वर्षानुवर्षं याच अवस्थेत होती आणि वरवर धडधाकट दिसत होती.

इथे एक सहकारी म्हणाला की त्याच्या मशीनवर हे कधीच झालं नाही, स्क्रिप्ट बदलली की लिंक होतंच. त्याने हौसेने करूनही दाखवलं. मी त्याची कमांड मागितली, तर त्याच्याकडे एक छोटी शेल स्क्रिप्ट होती आणि तिच्यात मेकच्या पुढे व्हेरिएबल थेट दिलेलं होतं. माझ्या फाइलीवर तेच केलं, ‘मेक आवड=कॉफी’ असं चालवलं:

```
: कॉफी / कॉफी
```

कमांडवर दिलेली किंमत मेकफाइल वाचायच्या आधीपासून असते, आणि फाइलीतल्या नेमणुकीवर मातही करते. त्यामुळे दोन्ही टप्प्यांना एकच उत्तर मिळतं आणि दोष झाकला जातो. मग वाटलं, एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे मेक चालवण्याआधीच शेलमध्ये ठेवलेल्या व्हेरिएबलमधून, किंमत आली तर? तिथे जास्त वाईट प्रकार निघाला. एन्व्हायर्नमेंटमध्ये आवड म्हणजे चहा असं ठेवून चालवलं:

```
: चहा / कॉफी
```

डिपेन्डन्सीच्या ओळीपर्यंत फाइलीतली नेमणूक आलेलीच नसते, म्हणून तिला एन्व्हायर्नमेंटचा चहा दिसतो. पुढे फाइल आपली किंमत देते आणि ती एन्व्हायर्नमेंटपेक्षा वरचढ, म्हणून रेसिपीला कॉफी. म्हणजे लिंक एका स्क्रिप्टने होतंय आणि लक्ष दुसरीवर ठेवलंय. रिकाम्या यादीपेक्षा हे शोधायला अवघड, कारण मेकचा डेटाबेस, म्हणजे त्याने वाचलेल्या नियमांची आणि किमतींची यादी, छापून पाहणाऱ्यालाही तिथे काहीतरी नाव दिसतं आणि तो पुढे सरकतो.

एकदा खेळायला बसल्यावर थांबवेना, म्हणून इतरही शंका याच साच्यात घालून पाहिल्या. यादीत अधिक-बरोबरने घातलेली भर नियमाच्या खाली असेल तर डिपेन्डन्सीला दिसत नाही, हे आता उघडच होतं. टार्गेटपुरतं व्हेरिएबल मात्र बघण्यासारखं आहे:

```
पेय = चहा
सगळे: पेय = दूध
सगळे: $(पेय)
	: $^ / $(पेय)
चहा कॉफी दूध: ;
```

दुसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलंय की ‘सगळे’साठी पेय म्हणजे दूध. तरी उत्तर आलं ‘चहा / दूध’. टार्गेटपुरती किंमत ही त्या टार्गेटची रेसिपी चालताना लागू होते, त्याची डिपेन्डन्सीची ओळ वाचताना नाही. आमच्या मेकफाइलीत कुणीतरी हाही प्रयोग करून ठेवला होता. कमी मेमरीच्या बोर्डासाठी टार्गेटपुरतं व्हेरिएबल देऊन लगेच खाली ते डिपेन्डन्सीत वापरलं होतं. वाचायला सुंदर आणि परिणाम शून्य.

मोकळ्या जागेचा प्रकार तर बिल्डशी खेळणाऱ्या प्रत्येकाने एकदा करून पाहावा.

```
फोल्डर = सामान   # गोदामातलं
सगळे: $(फोल्डर)/दूध
```

हॅशपासून पुढचं मेक सोडून देतं, पण हॅशच्या आधीच्या मोकळ्या जागा व्हेरिएबलच्या किमतीतच राहतात. उलगडल्यावर ओळ होते ‘सामान’, मग जागा, मग ‘/दूध’. डिपेन्डन्सीच्या ओळीचे शब्द उलगडल्यानंतर सुटे होतात, त्यामुळे एकाच्या जागी दोन प्रीरिक्विझिट्स झाली. मेक तक्रार करतं की ‘सामान’ बनवायचा नियम नाही आणि ‘सगळे’ला तो हवा आहे. नशिबाने त्या नावाचा फोल्डर तिथेच असता तर ही तक्रारही आली नसती, आणि दुधाचा शोध थेट रूट डिरेक्टरीत गेला असता.

‘नियम नाही’ हा संदेश सगळे शिव्या घालत वाचतात. मला तो या कामात फार उपयोगी पडला. त्यात उलगडलेलं नाव जसंच्या तसं अवतरणात येतं, त्यामुळे मोकळी जागा, चुकून राहिलेला डॉलर, सगळं दिसतं. चहा-कॉफीला रिकामी रेसिपी देणारी शेवटची ओळ काढून टाकली की हा संदेश हवा तेव्हा मिळवता येतो.

देवनागरी नावांमुळे एक जास्तीची गंमत हाती लागली. कंस विसरून नुसतं ‘$पेय’ लिहिलं, तर तक्रारीत नाव आलं ते असं: दोन तुटके चौकोन आणि त्यापुढे लटकणारी मात्रा व ‘य’. कंस नसेल तर मेक डॉलरपुढचं एकच अक्षर व्हेरिएबलचं नाव मानतं, हे माहीत होतं. पण त्याचं अक्षर म्हणजे एक बाइट. ‘प’ यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटांचा. पहिला बाइट व्हेरिएबलचं नाव म्हणून गेला, त्याची किंमत रिकामी, आणि उरलेल्या दोन बाइटांचा भुगा पडद्यावर. इंग्रजी नावात हीच चूक केली तर पहिलं अक्षर गळून बाकीचं नाव उरतं आणि ते कधीकधी खऱ्या नावासारखं दिसतं. इथे निदान बघताक्षणी कळलं.

याच वाटेवरचा दुसरा खड्डा ‘ऱ’ असलेल्या नावांत आहे. ते अक्षर युनिकोडमध्ये एकसंधही लिहिता येतं आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखे. मेक बाइट जुळवतं, म्हणून त्याच्या लेखी ती दोन वेगळी व्हेरिएबल्स, एकाला किंमत आणि दुसरं रिकामं. पुन्हा डावी बाजू कोरी.

असो. आता सोडवायचं कसं, तर पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तो दुसऱ्या विस्ताराचा. ग्नू मेकच्या ३.८१ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, एक खास टार्गेट आहे, बिंदूपासून सुरू होणारं, सगळं कॅपिटलमध्ये लिहायचं ‘सेकंडएक्सपान्शन’. ते मेकफाइलीत लिहिलं की त्यापुढच्या नियमांची प्रीरिक्विझिट्स सगळी फाइल वाचून झाल्यावर आणखी एकदा उलगडतात. म्हणजे पहिल्या फेरीतून वाचवायचं ते डॉलर दुप्पट करून लिहायचं:

```
पेय = चहा
सगळे: $$(पेय)
	: $^ / $(पेय)
पेय = कॉफी
चहा कॉफी दूध: ;
```

वर ते खास टार्गेट ठेवल्यावर उत्तर आलं ‘कॉफी / कॉफी’. पहिल्या फेरीत दोन डॉलरांचा एक झाला, दुसऱ्या फेरीत त्याची किंमत निघाली, आणि तोवर पेय बदललेलं होतं. टार्गेटपुरत्या व्हेरिएबलचा मघाचा प्रयोगही दुप्पट डॉलरने केला, तर ‘दूध / दूध’ आलं. दुसऱ्या फेरीला टार्गेटपुरत्या किमती दिसतात.

ते खास टार्गेट काढून टाकलं आणि दुप्पट डॉलर तसाच ठेवला, तर तक्रारीत नावाच्या जागी चक्क डॉलर, कंस आणि पेय असं अख्खं छापून आलं. म्हणजे त्याच नावाची फाइल शोधली गेली. हे दृश्य एकदा डोळ्यांत बसलं की पुढे कुठल्याही लॉगमध्ये ओळखू येतं: इथे दुसरी फेरी झालेलीच नाही.

टार्गेटचं नाव देणारं ‘$@’ डिपेन्डन्सीच्या ओळीत चालतं का, हा आणखी एक जुना प्रश्न. एकेरी डॉलरने लिहून पाहिलं:

```
पुणे मुंबई: $@.यादी
	: $@ / $^
```

तक्रार आली की ‘.यादी’ बनवायचा नियम नाही. पहिल्या टप्प्यात ही आपोआपची व्हेरिएबल्स रिकामी असतात. दुप्पट डॉलर आणि दुसरी फेरी असेल तर पुण्याला ‘पुणे.यादी’ मिळते, मुंबईला ‘मुंबई.यादी’. सिस्टिम व्ही या जुन्या युनिक्सच्या मेकमध्ये दुप्पट डॉलरचं हे रूप आधीपासून होतं. ग्नू मेकमध्येही ते ३.८१ च्या आधी न सांगता चालायचं. ३.८१ पासून मात्र खास टार्गेट लिहिल्याशिवाय नाही. त्यामुळे फार जुन्या मेकफाइली नव्या मशीनवर अचानक बिथरतात त्या याच ओळींवर. बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेच्या मेकमध्ये टार्गेटचं नाव डिपेन्डन्सीच्या ओळीत सरळ वापरता येतं, तिथे हा डॉलरचा खेळ नाही. आमच्याकडे दोघे मॅकवर काम करतात आणि त्यांच्या मशीनवर मॅकसोबत येणारं मेक नेमकं ३.८१ च आहे. माझ्या उबुंटूवर ४.३. दोन्हीकडे उत्तरं सारखी आली. फरक एवढाच की जुन्या आवृत्तीच्या तक्रारीत नावाच्या सुरुवातीला उलटा स्वल्पविराम येतो आणि नव्यात सरळ.

दुसरी फेरी चालते हे कळलं तरी मी ती सरसकट वापरायच्या विरोधात होतो. एकदा ते टार्गेट लिहिलं की त्याखालच्या प्रत्येक नियमाला ते लागू होतं, आणि ज्या फाइलनावात खरोखरच डॉलर आहे तिथे चार-चार डॉलर लिहावे लागतात. ते चालेल एक वेळ. पण पुढच्या वर्षी ही फाइल उघडणाऱ्याला कुठला डॉलर मुद्दाम दुप्पट आहे आणि कुठला कुणी घाबरून केलाय हे कळणार नाही. दोष क्रमाचा होता, तर क्रमच सुधारावा.

बोर्डाची फाइल नियमांच्या वर इन्क्लूड करायची, एवढंच ते. पण तसं करताच नुसतं ‘मेक’ म्हटल्यावर बिल्ड व्हायच्या ऐवजी बोर्ड फ्लॅश व्हायला, म्हणजे बायनरी थेट बोर्डावर चढायला लागली! बोर्डाच्या फाइलीत फ्लॅश करायचा नियम होता, आणि फाइलीत जे टार्गेट पहिलं ते मेकचं मुख्य उद्दिष्ट. मग लक्षात आलं की इन्क्लूड खाली गेलं ते याच कारणाने. कुणीतरी हा प्रकार पाहिला असणार आणि सोपा उपाय म्हणून ती ओळ तळाला नेली असणार. तिथे नेल्यावर फ्लॅश थांबलं आणि स्क्रिप्टची डिपेन्डन्सी चुपचाप गेली. मी सगळ्यात वर नुसतं ‘सगळे:’ एवढंच लिहिलं, पुढे काही नाही, रेसिपी नाही. मुख्य उद्दिष्ट ठरायला तेवढं पुरतं. त्याची खरी डिपेन्डन्सी खाली, इन्क्लूडनंतर दिली, कारण एकाच टार्गेटला अनेक ओळींतून प्रीरिक्विझिट्स देता येतात आणि मेक ती एकत्र करतं.

दुसरी फेरी एका जागी मात्र ठेवली. दोन्ही बोर्डांच्या बायनरी एकाच धावेत बनवायच्या असतील तेव्हा प्रत्येकीला तिची स्क्रिप्ट हवी, आणि तिथे टार्गेटच्या नावावरूनच व्हेरिएबलचं नाव बनवणं सोयीचं पडतं:

```
स्क्रिप्ट_लहान = तळमजला
स्क्रिप्ट_मोठा = गच्ची
लहान मोठा: $$(स्क्रिप्ट_$$@)
	: $@ / $^
तळमजला गच्ची: ;
```

दोन्ही टार्गेटं मागितल्यावर लहानला तळमजला आला, मोठ्याला गच्ची. दोन वेगळे नियम लिहूनही हे झालं असतं, पण तिसरं बोर्ड येणार हे तेव्हाच दिसत होतं. ती ओळ फाइलीच्या अगदी शेवटी ठेवली आणि खास टार्गेट तिच्या लगेच वर, म्हणजे त्याचा हात बाकीच्या नियमांपर्यंत पोचत नाही.

या छोट्या फाइली मी टाकून दिल्या नाहीत. रिपॉझिटरीत एका फोल्डरात ठेवल्यात, प्रत्येकीशेजारी अपेक्षित आउटपुट. पण त्या फक्त मेकची वागणूक तपासतात, आमची मेकफाइल बरोबर आहे की नाही हे त्या सांगू शकत नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी लिहिली. पूर्ण बिल्ड करायचं. मग ज्या फाइलींवर बायनरी अवलंबून असायला हवी त्यातली एक घेऊन तिची वेळ टच करून ताजी करायची. मग मेक ‘क्यू’ पर्यायाने चालवायचं. या पर्यायात मेक काहीही बनवत नाही, फक्त निकालाचा आकडा देतं, सगळं अद्ययावत असेल तर ०, काही बनवायची गरज असेल तर १, आणि चूक झाली तर २. टच केल्यानंतर ० आला तर समजायचं, ती डिपेन्डन्सी लागलेली नाही. पुन्हा बिल्ड, पुढची फाइल, असं यादी संपेपर्यंत. वेळ खातं, म्हणून रात्री चालतं.

पहिल्याच रात्री लिंकर स्क्रिप्टच्या दोन्ही ओळींना १ मिळाला. आणि एका फाइलीला ० मिळाला, जिच्यावर कुणाचाच संशय नव्हता. आवृत्तीचा क्रमांक असलेली हेडर फाइल एका छोट्या पायथन प्रोग्रॅममधून बनते. त्या प्रोग्रॅमचं नाव डिपेन्डन्सीत व्हेरिएबलने दिलं होतं आणि व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर राहून गेलं होतं. रेसिपीत ते नाव बरोबर लिहिलेलं, म्हणून हेडर बनत होतं.

त्यावरून ‘वॉर्न-अनडिफाइन्ड-व्हेरिएबल्स’ हा पर्याय लावून पाहिला. किंमत नसलेलं व्हेरिएबल वापरलं की मेक तेवढ्यापुरतं बोलतं. बोलणं बरंच निघालं. त्यातलं पुष्कळसं निरुपद्रवी आहे, मुद्दाम रिकामी ठेवलेली व्हेरिएबल्स, ज्यांना वर एक रिकामी नेमणूक दिली की इशारा थांबतो. टीममधल्या एका मुलीने ती यादी वाटून घेऊया असं सुचवलं, आणि डिपेन्डन्सीच्या ओळींतले इशारे आधी, रेसिपीतले नंतर असा क्रम तिनेच लावला. रेसिपीतली चूक निदान कमांड फसली की ओरडते. डिपेन्डन्सीतल्या ओळी संपल्यात. रेसिपीतल्या अजून चालू आहेत, आणि इशारा आला तर बिल्ड थांबवायचं की नाही यावर आमचं अजून जमलेलं नाही.